प्रतिसाद: स्कोअर जास्त आला म्हणजे व्हायरसच डोक्यात गेला?

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की हिपॅटायटिस बी-सी (लिव्हरचं व्हायरल इन्फेक्शन) वाल्यांचा प्रश्नावलीतला डिप्रेशन स्कोअर जास्त येतो, म्हणजे व्हायरसच मेंदूवर परिणाम करतो. अहो, जरा थांबा. आधी ती प्रश्नावली बघा. पीएचक्यू-९ या डिप्रेशन मोजायच्या प्रश्नावलीत ९ प्रश्न, त्यात थकवा, झोप, भूक हे तिन्ही आलेच, आणि लिव्हरच्या पेशंटला थकवा तर तसाही असतोच, मग स्कोअर आपोआप वर जाणार ना! म्हणूनच अशा अभ्यासात हॅड्स ही चिंता नि डिप्रेशन मोजणारी दुसरी प्रश्नावली वापरलेली बरी, १४ प्रश्न, आणि शारीरिक लक्षणं त्यात मुद्दाम टाळलीयेत.

दुसरं म्हणजे अभ्यास कोणत्या काळातला ते बघा. सी वर आधी इंटरफेरॉनची इंजेक्शनं असायची, त्या औषधानंच माणूस डिप्रेशनमध्ये जायचा, कितीतरी जणांनी कोर्स अर्धवट सोडला. २०१३ च्या शेवटी सोफोसबुव्हिर हे गोळीचं नवं औषध आलं आणि चित्रच पालटलं, आता बहुतेकांना ८ ते १२ आठवडे गोळ्या, ९५ टक्क्यांच्या आसपास लोक बरे. जुने नि नवे आकडे एकाच टोपलीत टाकून कसं चालेल?

बी चं वेगळंच. गोळ्या वर्षानुवर्षं, आणि वर लोकांची भीती. माझ्या मामांचं ताट-वाटी घरच्यांनीच वेगळं केलं होतं, खरंतर एका ताटात जेवून बी पसरत नाही, डॉक्टरांनी दोनदा सांगूनही मामी काही ऐकेना. मामा गप्प गप्प राहायला लागले ते रिपोर्ट आल्यावर, इन्फेक्शन तर त्याआधी कित्येक वर्षं अंगात होतंच की.