सायडरला मराठीत काय म्हणावं? माडी, आसव की नुसतं सायडर?

पानगळ
आठवडाभर एका शब्दापाशी अडले आहे: सायडर, म्हणजे सफरचंदाचा आंबवलेला रस. इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातल्या सफरचंदांच्या बागांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. तिथे कारहॅम्प्टन गावात १७ जानेवारीच्या रात्री लोक बागेत जमतात. सायडरमध्ये बुडवलेले पावाचे भाजके तुकडे झाडाच्या फांद्यांत ठेवतात, मुळाशी सायडर ओततात, बंदुकीचे बार काढतात आणि पुढच्या हंगामात झाड लगडू दे म्हणून गाणी म्हणतात. (१७५२ साली इंग्लंडने दिनदर्शिका बदलली, पण या लोकांनी जुनीच तिथी धरून ठेवली. मला हे फार आवडलं.)

पहिल्या खर्ड्यात सरळ 'सायडर' लिहिलं. आईला वाचायला दिलं तर ती म्हणाली, "मुळाशी व्हिनेगर ओतलं तर झाड मरणार नाही का गं?" तिचंही बरोबर. आमच्या घरात हा शब्द फक्त ॲपल सायडर व्हिनेगरच्या बाटलीवरून आला, वजन कमी करायला सकाळी कोमट पाण्यातून घ्यायचं ते. मग 'सफरचंदाची दारू' केलं. वाक्य झालं 'झाडाच्या मुळाशी दारू ओतली', आणि त्यातली श्रद्धाच गेली. शेवटी 'सफरचंदाची माडी' लिहिलं. आजोळ मालवणकडचं, त्यामुळे मला ते अगदी जवळचं वाटलं. संपादकांनी शेरा मारला: 'माडी फक्त माडाची. चूक.' खरंच चूक आहे का?

पोय
ताई, अक्षरशः पाहिलं तर संपादक बरोबर. माडाची ती माडी, ताडाची ती ताडी, शिंदीची ती शिंदी. झाडाचं नावच पेयाला मिळालंय. पण तुमच्या कानाने जे ऐकलं ते त्याहून मोलाचं आहे. माझे आजोबा रोज संध्याकाळी एक पेला घ्यायचे आणि ठामपणे सांगायचे, "मी दारू पिणय नाय, माडी पितंय." ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या भाषेत या दोन वेगळ्या वस्तू होत्या.

क्रियापदं बघा. दारू गाळतात. माडी काढतात. गाळायची म्हणजे भट्टी आली, आग आली, वाफ आली. माडी काढायची म्हणजे माडावर चढायचं, पोय (माडाचा कोवळा फुलोरा) बांधून ठेचायची, टोकाला कोयत्याने पातळ काप द्यायचा, मडकं लावायचं आणि पाझरेल ते उतरवायचं. आंबायचं काम ती स्वतःच करते. सायडरही असाच आहे ना? सफरचंदं कुटली, रस पिळला, आंबू दिला. आग कुठेच नाही. म्हणून 'दारू' चूक आणि 'माडी' निदान जातीने जवळची.

धातुपाठ
तयार शब्द असताना ही ओढाताण कशासाठी? आसव! न शिजवता मुरवलेलं ते आसव, काढा करून मुरवलेलं ते अरिष्ट. द्राक्षासव, कुमारी आसव, दशमूलारिष्ट घराघरांत आहेत. कौटिल्याने अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या (मद्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु असे प्रकार वेगळे सांगितलेत आणि त्याच्या आसवात चक्क कवठ आहे. म्हणजे फळाचं मुरवलेलं पेय. 'सफरचंदासव' लिहा, अर्थ अचूक बसेल.

आणि दारू हा शब्द मुळात फारसी. तिथे त्याचा अर्थ औषध. आपण त्यात मद्यही घातलं आणि तोफेची दारूही घातली. इतका ढिला शब्द नेमक्या कामाला येत नाही.

पानगळ
सफरचंदासव वाचून आई म्हणेल, जेवणानंतर दोन चमचे समभाग पाण्यातून घ्यायचं. गावकरी बाटलीतलं औषध झाडाला घालतायत असं चित्र उभं राहील. अर्थ बसतो, पण बाग दिसत नाही.

शिंदीबन
आम्ही नांदेडकडचे. आमच्या लहानपणी शिंदीची झाडं ओढ्याकाठी रांगेने उभी असायची, प्रत्येकाच्या गळ्याशी खाचा आणि मडकं. सीमेपलीकडे तेलंगणात गेलं की तिला सेंदी म्हणतात. माझं अनेक वर्षांचं मत सांगतो: संस्कृतात सीधु नावाचं मद्य आहे. सीधु, शिंदी, सेंदी, सायडर. चारही शब्द एकाच घरातले आहेत. तेव्हा परका शब्द वगैरे काही नाही, आपलाच परत आलाय.

धातुपाठ
नाही हो. सीधु उसाच्या रसाचा, शिंदीचा नव्हे. आणि सायडरचा माग स्वच्छ लागतो: फ्रेंच सिद्र, त्याआधी लॅटिन सिसेरा, त्याआधी ग्रीक सिकेरा, आणि मुळात हिब्रू शेखार, म्हणजे कोणतंही कडक पेय. त्यात सफरचंद सुरुवातीला नव्हतंच. खरं नातं हवं असेल तर मधापासून केलेल्या मीड या मद्याचं घ्या. मीड आणि आपला मधु हे सख्खे भाऊ आहेत, दोन्ही एकाच मूळ धातूचे. नुसत्या आवाजाच्या सारखेपणावर नाती जोडली तर व्युत्पत्तीशास्त्राला अर्थ राहत नाही.

शिंदीबन
शेखार, सिकेरा, सीधु. तुम्हीच रांग लावून दिलीत. मी माझं मत बदलणार नाही.

पडवी
न्यू जर्सीहून लिहितोय. आमच्याकडे पानगळीच्या दिवसांत बागेत जाऊन सफरचंदं तोडायची पद्धत आहे आणि तिथे मुलांना सायडर आणि गरम डोनट देतात. हा सायडर म्हणजे न गाळलेला गढूळ रस, नशा शून्य. चढणारा हवा असेल तर 'हार्ड सायडर' मागावा लागतो. इंग्लंडहून आलेल्या एका मित्राने मुलांच्या हातात पेला पाहिला आणि घाबरून माझ्याकडे धावत आला. तेव्हा तुमच्या लेखात आंबलेला सायडर आहे हे कुठेतरी सांगावंच लागेल.

पोय
दादा, हे तर आमचं नीरा आणि माडीचं प्रकरण! पहाटे ऊन लागण्याआधी उतरवली आणि थंड ठेवली तर नीरा, गोड, लहान मुलंही पितात. ऊन वर आलं की तीच माडी. झाड तेच, मडकं तेच. दोन अवस्थांना आपण दोन शब्द दिले, अमेरिकेने एकाच शब्दाला विशेषण लावलं. मला आपलंच श्रीमंत वाटतं.

ही श्रीमंती लिहिण्यातून का गेली तेही बोलू. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्याची व्याख्या करताना स्पिरिट, वाइन, बिअर आणि ताडी एकाच ओळीत बसवली. सरकारी कागदावर सगळं एक झालं, वर्तमानपत्रांत एक झालं, मग बोलण्यातही. ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्या माडावर चढण्याचा व्यवसाय होता ते आमचे भंडारी लोकही 'दारूवाले' ठरले. म्हणून मला 'माडी'ला दारू म्हटलेलं खरंच लागतं. इंग्लंडमध्येसुद्धा शेतमजुरांना मजुरीचा भाग म्हणून सायडर देत, १८८७ च्या कायद्याने ते थांबवलं. पण सायडरचं नाव कुणी पुसलं नाही.

आबोली
गोव्यातून. आमच्याकडे हा भेद अजून पक्का आहे. माडाची ती सूर. गाळलेला तो सोरो. दोन्ही सुरेचीच लेकरं, पण कोणी गल्लत करणार नाही. काजूचे बोंडू मळून निघणारा रस तो निरो. तो आंबवून पहिल्यांदा गाळला की हुर्राक, उन्हाळ्यात दोन-तीन महिनेच मिळतो. पुन्हा गाळला की फेणी. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नाव फेणावरून आलं असं आमच्याकडे सांगतात: पेल्यात ओतताना फेस येतो तो बघूनच जाणकार दर्जा ओळखतात. फ्रान्समधल्या नॉर्मंडीत सायडर गाळून काल्वादोस करतात, तो तुमच्या सायडरचा सोरो.

पानगळताई, झाडाच्या मुळाशी ओतण्यात अश्रद्धा कशी? आमच्या राखणदाराला, म्हणजे गावराखणाऱ्या देवाला, सोरोच ठेवतात, विडीसकट. 'दारू ओतली' हे वाक्य कोकणात आणि गोव्यात कोणाला खटकणार नाही. खटकतं ते पुण्यात.

देशावरची
मधेच बोलते, क्षमा असावी. आमच्याकडे फेणी म्हणजे तांदळाची फेणी! आंबवलेलं पीठ पानावर पसरून वाफवायचं, सोलून सावलीत वाळवायचं. लग्न होऊन मी पणजीला आले तेव्हा शेजारच्या काकूंना म्हटलं, "उन्हाळा आलाय, चार डबे फेण्या करून ठेवते." त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. ही फेणी आणि ती फेणी एकच का? दोन्हींत आंबवणं आहेच.

धातुपाठ
फेण हेच मूळ दोन्हीकडे लागू पडतं, सुतरफेणीलाही. पण आंबवण्याशी त्याचा संबंध नाही, पोताशी आहे. मूळ प्रश्नाबद्दल माझं मत कायम आहे: आसव.

पडवी
आणि माझं: सायडर. बिअरला कोणी यवसुरा म्हणालं नाही, मराठीचं काही बिघडलं नाही. पहिल्यांदा येईल तिथे 'आंबवलेल्या सफरचंदाच्या रसाचा सायडर' लिहा, पुढे नुसतं सायडर. आईंना पहिल्या ओळीतच कळेल.

पोय
तेवढी ओळ लिहिली तरी क्रियापद कोणतं? सायडर काढतात, गाळतात की मुरवतात? मी 'मुरवतात' म्हणेन.

पानगळ
'मुरवतात' घेतलं. नामाचं अजून ठरत नाही. माडी खोडताना हात उचलत नाही. आबोलीताई, तुम्ही सूर म्हणालात ती सान्नांत (तांदळाच्या वाफवलेल्या, इडलीसारख्या) घालतात तीच का? आजी घालायची, पण तिचा शब्द मला आठवत नाही.

आबोली
तीच. उकडे तांदूळ भिजवायचे, ओला नारळ घालून वाटायचे आणि शेवटी सूर. सकाळची ताजी घ्या, दुपारची आंबट होते आणि सान्नां कडवटतात. यीस्ट घालून फुगतात, पण तो वास येत नाही. उरलेली सूर टाकू नका, बरणीत ठेवली की तिचाच शिर्का (व्हिनेगर) होतो, सोरपोतेलात (डुकराच्या मांसाच्या रश्श्यात) आम्ही तोच वापरतो.

देशावरची
पुण्यात ताजी सूर कुठे मिळेल? नीरेच्या दुकानातली दिवसभर बाहेर ठेवली तर चालेल का?