टोपणनावाचं खातं काढलं, तरी ओळख कुठून फुटते?

शेवंती: कवितांसाठी इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर टोपणनावाने वेगळं खातं हवं आहे. नोकरी केंद्र सरकारच्या कार्यालयात असल्याने मूळ नावाच्या खात्यावर साहेब, सहकारी, सासरमाहेर सगळेच आहेत. नवा ईमेल काढला की भागतं का? सिमही दुसरं घ्यावं लागेल? आणि हे कायद्यात बसतं ना?

रानवाट: ईमेलने भागत नाही. ओळख फुटते ती बहुतेक वेळा मोबाईल नंबरामुळे. सहकाऱ्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर साठवलेला असतो आणि त्याने अ‍ॅपला काँटॅक्ट्स वाचू दिलेले असतात. तुम्ही त्याच नंबरावर नवं खातं काढलंत की अ‍ॅप दोन्ही जुळवून ते त्याला सुचवतं. म्हणून नंबर वेगळाच घ्या, आणि नव्या खात्याला तुमच्या फोनमधले काँटॅक्ट्सही वाचू देऊ नका. ही दुसरी बाजू उघडी राहिली तर पहिलीचा उपयोग नाही.

आधी सिम, मग ईमेल, मग खातं, हा क्रम ठेवा. ईमेलला रिकव्हरी म्हणून जुना पत्ता देऊ नका, कारण ‘पासवर्ड विसरलो’ दाबणाऱ्याला त्याची काही अक्षरं दिसू शकतात. इन्स्टाग्राम वेबवर उघडून प्रोफाइल एडिटमध्ये अकाउंट सजेशनची (इतरांना तुमचं खातं सुचवण्याची) खूण काढा. दोन्ही खाती एका अकाउंट्स सेंटरमध्ये (फेसबुक-इन्स्टाग्रामची खाती एकत्र जोडणाऱ्या सेटिंगमध्ये) जोडू नका.

फेसबुकचं गणित निराळं आहे. तिथे एका माणसाला एकच वैयक्तिक खातं, असा नियम आहे. टोपणनावाचं दुसरं खातं तक्रार होताच बंद पडू शकतं. त्यापेक्षा मूळ खात्याखाली अतिरिक्त प्रोफाइल काढा (अशी चारपर्यंत काढता येतात) किंवा पेज काढा. मात्र मूळ खातं अडकलं की तेही अडकू शकतं.

सिम एका व्यक्तीच्या नावावर ९ पर्यंत घेता येतात (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत ६). तुमच्या नावावर किती चालू आहेत ते सरकारच्या संचारसाथी पोर्टलवर बघा. हे सिम रिचार्जविना पडू देऊ नका. नंबर बंद झाला की काही काळाने तो दुसऱ्याला मिळतो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात! म्हणून टू-स्टेप (पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी) एसएमएसवर न ठेवता ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर (फोनवरच कोड तयार करणाऱ्या) ठेवा आणि फोन हरवला तर लागणारे बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा.

काजवा_७: रानवाट यांनी सांगितलेलं सगळं केलं तरी रोजच्या सवयी घात करतात. ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल ठेवा. इनकॉग्निटो पुरेसं नाही. ते खिडकी बंद केल्यावर कुकीज पुसतं, आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) लपवत नाही. मूळ खात्यावरचा एकही फोटो नव्या खात्यावर नको, फोटोवरून तोच फोटो आणखी कुठे आहे ते शोधणारा रिव्हर्स इमेज सर्च त्यासाठीच असतो. फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर ते निघून जातात, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसेच राहतात. आणि नव्या कवितेला पहिला लाइक स्वतःच्याच मूळ खात्यावरून देऊ नका.

हमखास विसरतं ते यूपीआय. पुढे कवितांची पुस्तिका विकायला क्यूआर कोड टाकलात, तर पैसे पाठवणाऱ्याला बँकेतलं तुमचं खरं नाव दिसतं. यूपीआय आयडीतच मोबाईल नंबर असेल तर तोही गेला.

पारंबी: कायद्याचं बोलते. टोपणनाव हा गुन्हा नाही. राम गणेश गडकऱ्यांनी कवितेसाठी गोविंदाग्रज आणि विनोदासाठी बाळकराम अशी दोन नावं वापरलीच होती. गुन्हा होतो तो दुसऱ्या खऱ्या माणसाचं सोंग घेऊन फसवलं तर. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. म्हणून नाव आणि चेहरा, दोन्ही कुणाचे उचलू नका. दोन खात्यांनी एकमेकांची वाहवा करणं, एकाच मतदानात दोनदा मत देणं हेही टाळा. विकिपीडियावर पारदर्शकपणे दुसरं खातं ठेवता येतं, पण अशा वापरासाठी दोन्हींवर बंदी येऊ शकते.

तुमच्या नोकरीसाठी मात्र नीट वाचा: केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधला नियम ९. सरकारी धोरणावर प्रतिकूल टीका करायला तो मनाई करतो, आणि टीका निनावी किंवा टोपणनावाने केली तरी लागू होतो. त्यामुळे निसर्गकविता आणि सरकारी खात्याच्या धोरणावरची उपरोधिका यांना एकच माप लावू नका. टोपणनाव शेजाऱ्यापासून झाकतं, तपासयंत्रणेपासून नाही.

शेवंती: इन्स्टाग्रामचं खातं जुन्या नंबरावर काढून झालंय, तीन कविता आहेत. नंबर बदलला तर चालेल?

रानवाट: आधी जुळलेलं पुसलं जाईल याची खात्री देता येत नाही. तीनच कविता आहेत, तर उतरवून घ्या, ते खातं कायमचं डिलीट करा आणि नव्या सिमवर वेगळ्या यूजरनेमने सुरू करा.