डोंगरांकडून माणसांकडे: तुम्ही टिपलेला पहिला चेहरा

येऊरवाट:
आज पाडव्याच्या शोभायात्रेत कौपिनेश्वरापाशी एक मुलगा दिसला. पाठीला ट्रायपॉड, आणि लेन्स मात्र सगळा वेळ गुढ्यांवर नि आकाशावर. समोर ढोल-ताशा दणाणतोय आणि हा माणसं फ्रेमबाहेर जायची वाट बघतोय! एकदम जुनं आठवलं. येऊर, पारसिकचा डोंगर, ऐरोलीची खाडी, कित्येक वर्षं माझंही हेच. एफ/११ (लेन्सचं छिद्र लहान, म्हणजे जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट), ट्रायपॉड, उजाडेपर्यंत थांबायचं, कोणाशी बोलायची गरजच नाही. पहिला माणूस टिपला तो याच यात्रेत. पथकातली एक ताई ढोल उतरवून घाम पुसत होती. विचारलं, "ताई, एक फोटो काढू का?" म्हणाली, "थांबा, नथ सरळ करते." दोन बोटं नथीवर, नजर थेट माझ्याकडे, तेव्हाच क्लिक केलं. नंतर हसून उभी राहिली तेही फोटो आहेत, पण मला तो पहिलाच प्रिय. डोंगर उलटून आपल्याकडे बघत नाही ना. तुमचं कसं झालं?

बेलापूरची_सई:
दिवाळे कोळीवाडा. होड्या काढायला गेले होते. मावशी म्हणाल्या, "आधी म्हावरं घे, मंग काढ फोटू." बोंबील घेतले, भाव केला नाही. मग त्याच सांगायला लागल्या, हिचा काढ, तिचा काढ. एकीने हातातला कोयता खाली ठेवला तर बाकीच्या ओरडल्या, "ठेवू नको गो, तसाच धर!" बाकी रात्री लिहिते, कुकर लावलाय.

नेरूळ_नाका:
सई, बोंबील कसे दिले? 😀

ठाणेकर७:
तांत्रिक मुद्दा. निसर्गवाले आपली १६-३५ एमएमची रुंद दृश्याची लेन्स घेऊनच माणसाजवळ जातात आणि नाक मोठं दिसलं की लेन्सला शिव्या देतात. खरं कारण अंतर. दीड-दोन मीटर लांब उभं राहा आणि ५० किंवा ८५ लावा. क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ५० म्हणजे साधारण ७५ झाली, चेहऱ्याला झकास. फोकस जवळच्या डोळ्यावर. एफ/१.८ ला (छिद्र मोठं, स्पष्ट भाग थोडाच) दोघांचा फोटो काढू नका, एक जण धूसर होणारच. एफ/४ तरी ठेवा. आणि ढोलवाल्यांचं टिपरू स्थिर हवं असेल तर शटर १/५०० सेकंदापेक्षा जलद. डोंगराला दोन सेकंद दिले तरी तो हलत नाही, ही सवय मोडायला वेळ लागतो.

खाडीकाठ:
ऐरोलीत फ्लेमिंगो आहेत का अजून? आईला दाखवायचेत.

येऊरवाट:
@खाडीकाठ मेपर्यंत असतात साधारण. बोट भरतीच्या वेळेवर सुटते, ती वेळ आधी विचारून जा. आईंचाही फोटो काढा बोटीत!

वाशी_सेक्टर९:
माझी पहिली मॉडेल आज्जी. सिडकोच्या जुन्या घराची खिडकी, सकाळचा उजेड एका गालावर, दुसरी बाजू काळीकुट्ट. समोरच्या खुर्चीवर पांढरी चादर टाकली तर सावलीतल्या सुरकुत्याही दिसायला लागल्या. डोळ्यांत खिडकीचा छोटा चौकोन चमकत होता. तेवढ्यानेच चेहरा जिवंत होतो हे तेव्हा कळलं. आज्जीने बघून विचारलं, "कपाट कशाला आलंय मागे?" बॅकग्राउंड बघायला तिनेच शिकवलं मला.

मुलुंडपार:
अनोळखी माणसाला विचारायचं धैर्यच होत नाही हो. जांभळी नाक्यावर फुलवाल्यांसमोर उभा राहतो आणि परत येतो.

बेलापूरची_सई:
@मुलुंडपार दादा, होतं सगळ्यांचं. कॅमेरा पिशवीतच ठेवा, आधी गजरा घ्या, दोन शब्द बोला. नको म्हणाले तर हसून पुढे जायचं. काढलेला पुसा म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसायचा. लहान मुलांचा असेल तर आईवडिलांना विचारल्याशिवाय नाहीच. आणि प्रिंट नेऊन द्या. दिवाळ्यात मी प्रिंट घेऊन गेले तेव्हा चहा मिळाला, नारळी पौर्णिमेचं आमंत्रणही.

ठाणेकर७:
सईला +१. डोंगरांचे फोटो काढणारे अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स म्हटलं की सगळ्यांना योसेमिटीचे कडे आठवतात. पण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या आपल्याच नागरिकांना छावण्यांत डांबलं, तेव्हा १९४३ मध्ये त्यांनी मँझनारच्या छावणीत जाऊन माणसांचे चेहरे टिपले. शेतकरी, नर्स, शाळकरी मुलं, अगदी जवळून. मला त्यांच्या डोंगरांपेक्षा ते जास्त भिडतात.

मुलुंडपार:
हे माहीत नव्हतं, शोधतो. ५० एमएम सेकंडहँड घेतली तर चालेल?

ठाणेकर७:
चालेल की. फक्त आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी धरते. एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर घेऊ नका. आणि घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच.

बेलापूरची_सई:
@नेरूळ_नाका भाव नाही सांगणार, स्वतः जा. सकाळी लवकर.