टपरीवरच्या पोराकडं कोयता दिसला, काय करायला हवं होतं?

कात्रजकर: काल रात्री साडेदहाला दूध आणायला खाली गेलो, सोबत पोरगी, वय 6. डेअरीशेजारच्या टपरीवर चार-पाच पोरं गाड्यांवर बसलेली, त्यातला एक वाकला आणि शर्ट वर गेला तर पाठीला खोचलेली लाकडी मूठ, कोयताच. माझे पाय हलेनात. आणि डेअरीवाला निवांत सुट्टे मोजतोय, दोनदा चुकला. उगाच खुन्नस नको म्हणून फोन पण नाही केला, चुकलं का?

बीडचा_बाळू: आमच्याकडं 'एक कोयता' म्हणजे ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं, शहाळेवाल्याकडं पण कोयता असतोच, त्यामुळं दिसला की बोंबलायचं असं नाही. पण रात्री पाठीला लपवून कोण ऊस तोडायला निघालंय? बघत राहायचं नाही, व्हिडिओ तर अजिबात नाही, दूध गेलं उडत, पोरीला उचलायचं आणि उजेड-माणसं असतील तिकडं सटकायचं. मागं येतायत वाटलं तर थेट घरी जाऊ नका, घर कळतं.

चहा_कमी_साखर: लांब गेल्यावर 112 लावायचा. आधी जागा सांगा, म्हणजे फोन कट झाला तरी तेवढं कळलेलं असतं, मग किती जण, कपडे, गाडीचा नंबर. वार व्हायची वाट कशाला बघायची, असं हत्यार घेऊन फिरणं हाच गुन्हा, पेपरात वाचतो ना आपण, शस्त्र कायदा 4/25, पोलीस कायदा 37(1) सह 135.

पैलवान_कोथरूड: पळायचं काय त्यात? 2023 ला सदाशिव पेठेत पोरांनी धरलाच की कोयतेवाला.

रात्रपाळी: दादा, तिथं मुलगी जिवाच्या आकांतानं पळत होती, मध्ये पडण्यावाचून पर्याय नव्हता, इथं नुसती मूठ दिसलीये. मी कॅज्युअल्टीत काम करते, वार अडवायला हात वर केलेले लोक येतात, बोटं वाकत नाहीत नंतर. आणि कुणाला लागलंच तर ओढणी, टॉवेल जे असेल ते जखमेवर दाबून धरा, उचलून बघत बसू नका, हळद-बिळद नको, 108 लावा.

कात्रजकर: आज डेअरीवाल्याला विचारलं. तो म्हणे मला पण दिसला होता, पोरं जाईपर्यंत तुम्ही दोघं आतच थांबावं म्हणून मुद्दाम हळू मोजत होतो.