आईबाबांना घेऊन प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट: अनुभव आणि टिपा

विषय: सासूसासऱ्यांना युरोप दाखवायचंय, मदत हवी

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात माझे सासूसासरे सोलापूरहून इकडे इंग्लंडला येतायत, पहिल्यांदाच. आमचा विचार चाललाय की त्यांना आठ-नऊ दिवस प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट दाखवून आणावं. सासऱ्यांचा गुडघा दुखतो, सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. आपल्यापैकी कोणी आईवडिलांना घेऊन गेलंय का? साईटसीइंगची यादी नेटवर ढीगभर आहे, मला खरं काय जमतं आणि काय नाही ते हवंय.

प. (रेडिंगहून)

---

उत्तर: सासूसासऱ्यांना युरोप दाखवायचंय, मदत हवी

प. ताई,

आम्ही मागच्या सप्टेंबरमध्ये माझ्या आईबाबांना घेऊन अगदी हीच तीन शहरं केली त्यामुळे लिहायला बसलेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी व्हिसाचं. यूकेच्या व्हिसावर तिकडे जाता येत नाही, शेंगेन वेगळा लागतो आणि व्हिजिटर म्हणून इथे आलेल्यांचा अर्ज सहसा इथून घेत नाहीत, म्हणून तो भारतातूनच काढून आणायला सांगा. तिन्ही देशांना मिळून एकच व्हिसा. जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, निदान १५ दिवस आधी आणि फार तर ६ महिने आधी. प्रवास विम्यात ३०,००० युरोचं वैद्यकीय कव्हर लागतंच.

आता मुद्दा. आमचा पहिला दिवस प्रागमध्ये पूर्ण फसला आणि त्याचं कारण माझी यादी. सकाळी जुना चौक, मग चार्ल्स पूल, मग किल्ला, सगळं चालत. तिकडे रस्ते सगळे दगडी चौकोनांचे, दिसायला सुंदर पण दुखऱ्या पायाला प्रत्येक दगड कळतो. दुपारी बाबा एकदम गप्प झाले. मला वाटलं दमले. रात्री आईने हळूच सांगितलं की ते सकाळपासून पाणीच प्यायले नव्हते, कारण बाथरूम कुठे मिळेल त्याची खात्री नाही आणि मुलीला सारखं सारखं विचारायचं कसं. मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवसापासून सगळा प्लॅन उलटा केला, आधी बाथरूम, बसायची जागा आणि पाणी, मग ठिकाण. कुठल्याही म्युझियममधून किंवा कॅफेतून निघताना गरज असो नसो जाऊनच बाहेर पडायचं. स्टेशनवर बाथरूमला पैसे पडतात म्हणून बाबांच्या खिशात मी सुटी नाणी ठेवून दिली, मग त्यांना मला विचारायलाच लागलं नाही. फरक इतका पडला की संध्याकाळी तेच म्हणाले, चल अजून एक चक्कर मारू.

प्रागच्या किल्ल्याला खालून चढू नका. २२ नंबरची ट्राम थेट वर नेते, किल्ल्याच्या नावाच्याच स्टॉपवर उतरायचं आणि मग उतारावरून सावकाश खाली यायचं. चार्ल्स पूल पहाटे सहाला बघा. १३५७ साली काम सुरू झालेला पूल, दोन्ही कठड्यांवर मिळून ३० पुतळे, आणि त्या वेळी माणसं अगदी मोजकी. नऊनंतर तिथे धक्के खात चालावं लागतं.

व्हिएन्नात आम्ही एका दिवसात एकच मोठी गोष्ट केली. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये ब्रॉयगेलच्या चित्रांची खोली आहे, बसायला सोयही आहे. तिथे शेतकऱ्यांच्या लग्नातल्या जेवणाचं चित्र आहे, दोन माणसं बिजागरीतून काढलेल्या दारावर खिरीच्या थाळ्या ठेवून वाढायला नेतायत. बाबा बघत राहिले आणि म्हणाले, अगं ही तर आपली पंगत, हे वाढपी बघ, आणि ते पोरगं खाली बसून थाळी चाटतंय ते बघ. पाऊण तास तिथून हलले नाहीत. वाईजवळच्या आमच्या गावात लग्नाला वाढायला जायचे तेव्हाच्या सगळ्या आठवणी त्यांनी तिथेच सांगितल्या, मी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या. आणखी चार ठिकाणं केली असती तर हे झालं नसतं.

व्हिएन्नाचं नळाचं पाणी बिनधास्त प्या, आल्प्समधल्या झऱ्यांचं आहे, १८७३ पासून नळाने शहरात येतं. आई पहिल्या दिवशी उकळत होती, नंतर बाटली सरळ नळाखाली धरायला लागली. रविवारी तिकडे दुकानं बंद, चहाचं दूध शनिवारीच आणून ठेवा, नाहीतर मुख्य स्टेशनातलं सुपरमार्केट उघडं असतं.

खाण्यासाठी किचनवालं अपार्टमेंटच घ्या. आम्ही थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि पोहे नेले होते. साजूक तूप, पेढे नेऊ नका, बाहेरून युरोपियन युनियनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे आणि आता यूकेही त्या 'बाहेर'मध्येच येतं. सूप 'भाज्यांचं' म्हटलं तरी मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं, विचारूनच घ्या. बुडापेस्टला लांगोश मिळतो, तळलेल्या मोठ्या पुरीवर लसूण आणि चीज, आईला फार आवडला, पण पिठात काय आहे ते सासूबाईंसाठी विचारून घ्या.

पैशाचं: प्रागला क्राऊन, बुडापेस्टला फोरिंट. रस्त्यावर कोणी नोटा बदलून देतो म्हणाला तर चालायला लागा. एटीएमने 'पाउंडात हिशोब करू का' विचारलं तर नको म्हणायचं, स्थानिक चलनच निवडायचं.

आणि तिकीट पंच करायला विसरू नका. यातल्या एका शहरात आम्ही चारही तिकिटं काढून पर्समध्ये जपून ठेवली, पंच केलीच नाहीत. तपासनीसाने सगळ्यांचा दंड घेतला, चूक आमचीच होती. बाबांना मात्र चारचौघांत थांबवलं गेल्याचं फार लागलं. मेट्रोला गेट नाही म्हणजे तिकीट तपासत नाहीत असं नाही.

स. (मिल्टन कीन्सहून)

---

उत्तर: सासूसासऱ्यांना युरोप दाखवायचंय, मदत हवी

चि. प. आणि चि. स.,

मी ७४ वर्षांचा आहे म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. मुलं आमची फार काळजी घेतात, पण प्रवासात दर पाच मिनिटांनी 'बाबा दमलात का' विचारलं की माणूस 'नाही' असंच म्हणतो. त्यापेक्षा आधीच ठरवून सांगा, अकराला चहा, एकला जेवण, दोन ते चार घरी आडवं व्हायचं. मग कोणाला कमीपणा येत नाही.

आणि एक अर्धा दिवस दोघांना एकटं सोडा. आमच्या मुलाने बुडापेस्टला पत्ता लिहिलेला कागद आणि तिकिटं हातात दिली आणि दोन नंबरच्या ट्राममध्ये बसवून दिलं. डॅन्यूबच्या काठाने पार्लमेंटपर्यंत जाते, खिडकीतूनच सगळं दिसतं. आम्ही दोनदा गेलो आणि आलो. लग्नाला ४८ वर्षं झाली, असं दोघांनीच हिंडणं फार वर्षांनी घडलं.

सरकत्या जिन्यांना मात्र जपा, तिकडच्या खोल मेट्रोचे फार वेगात धावतात. बुडापेस्टची जुनी पिवळी मेट्रो, १८९६ ची, जमिनीच्या अगदी जवळ आहे, थोड्याच पायऱ्या. प्रागला ६५ च्या वर ट्राम-मेट्रो फुकट, पासपोर्ट जवळ ठेवायचा. गुडघ्यासाठी बुडापेस्टच्या सेचेनी बाथ्सचं गरम पाणी अवश्य. हिला पोहण्याच्या कपड्यांचा संकोच होता, सुनेने लांब बाह्यांचा स्विमसूट आधीच आणून ठेवला होता म्हणून ती उतरली.

एका शहरातून दुसऱ्या शहरात रेल्वेच बरी, व्हिएन्ना ते प्राग चार तास. पण तिकीट म्हणजे सीट नव्हे, रिझर्वेशन वेगळं करा. आम्ही केलं नव्हतं, तासभर उभं राहावं लागलं.

द. काका (स्लावहून)

---

उत्तर: सासूसासऱ्यांना युरोप दाखवायचंय, मदत हवी

स. ताई, काका,

दोन्ही मेल नवऱ्याला वाचून दाखवल्या आणि ते एकदम गप्प झाले. नऊ दिवसांत तीन शहरं होती, आता प्राग गाळून दोनच ठेवतोय, व्हिएन्ना पाच दिवस आणि बुडापेस्ट चार. सासऱ्यांना फोनवर दोन नंबरच्या ट्रामचं सांगितलं तर म्हणाले त्या कागदावर पत्ता मराठीतही लिही, मला म्हणायला सोपं पडेल.

काका, तो लांब बाह्यांचा स्विमसूट कुठल्या दुकानात मिळाला ते सूनबाईंना विचारून कळवाल का?

प.