जेनब्लॉक१ चं जेनब्लॉक२ कसं झालं?

सेटअप_होल्ड:
व्हेरिलॉग (चिप डिझाइनची भाषा) मॉड्यूलमध्ये फॉर-जनरेट लूपने (एकाच सर्किटच्या अनेक प्रती बनवणाऱ्या लूपने) चार सिंक्रोनायझर (दुसऱ्या क्लॉकवरून येणारा सिग्नल सुरक्षित घेणारी सर्किटं) बसवलेत, लूपला लेबल नाही. फॉल्स पाथ (या मार्गाचं टाइमिंग तपासू नको, असं टूलला सांगणारा कन्स्ट्रेंट) टूलने आपोआप दिलेल्या 'जेनब्लॉक१[०]' या नावावर लावलाय. आता लूपच्या वर एक इफ-जनरेट (अट खरी असेल तरच सर्किट बनवणारं) टाकलं, त्याला लेबलही दिलं. तरी लूपचं नाव जेनब्लॉक२ झालं, कन्स्ट्रेंटला एकही सेल सापडत नाही आणि टाइमिंग फेल. टूलचा बग?

निगेटिव्ह_स्लॅक:
बग नाही. व्हेरिलॉगचं मानक आयईईई १३६४, त्याच्या २००५ च्या आवृत्तीत नियमच तसा आहे. स्कोपमधल्या (नावं जिथवर ओळखली जातात त्या हद्दीतल्या) प्रत्येक जनरेटला वरून खाली १ पासून नंबर मिळतो. लेबलवालाही नंबर खातो, फक्त तो नावात दिसत नाही. (जेनब्लॉक२ नावाचं काही आधीच असेल तर जेनब्लॉक०२ होतं. ही गंमत वेगळीच.)

लूपच्या बिगिनपुढे कोलन देऊन 'जेन_सिंक' लिहा आणि कन्स्ट्रेंटमध्येही तेच नाव वापरा. विवाडो (एफपीजीए चिपसाठीचं डिझाइन टूल) फ्लॉपच्या (एक बिट साठवणाऱ्या घटकाच्या) नावाला शेवटी '_रेग' चिकटवतं, ते विसरू नका. अख्खा पाथ (नावांची पूर्ण साखळी) महिरपी कंसात टाका, म्हणजे टीसीएल (कन्स्ट्रेंट लिहायची स्क्रिप्ट भाषा) चौकोनी कंसांत लुडबुड करणार नाही.

सेटअप_होल्ड:
जमलं. पण दुसऱ्या एका, बिनलेबलच्या इफ-जनरेटमध्ये ८ बिटांची वायर डिक्लेअर करून तिथेच ड्राइव्ह केलीय. बिगिन-एंड नाही. बाहेरच्या इन्स्टन्सच्या (तिथे बसवलेल्या दुसऱ्या मॉड्यूलच्या) इनपुटला जोडली तर सिम्युलेशनमध्ये झेड (ना ० ना १, तरंगती स्थिती) येतं.

निगेटिव्ह_स्लॅक:
बिगिन-एंड नसलं तरी इफची शाखा वेगळा स्कोपच असते. बाहेर ते नाव अनोळखी, आणि पोर्टजोडणीत अनोळखी नाव दिसलं की व्हेरिलॉग गुपचूप १ बिटाची नवी वायर बनवतं. तिला ड्रायव्हरच नाही, म्हणून झेड. वायर जनरेटच्या वर डिक्लेअर करा, आत फक्त असाइन ठेवा.

लॅच_नको:
फाइलच्या सुरुवातीला 'डीफॉल्ट_नेटटाइप नन' टाका, हीच चूक थेट एरर म्हणून येईल. मग पोर्टला नुसतं 'इनपुट' काही टूल्सना चालत नाही, 'इनपुट वायर' लिहा. फाइलच्या शेवटी डीफॉल्ट परत 'वायर' करा, नाहीतर पुढे कंपाइल होणाऱ्या परक्या फाइली कोसळतात.

बिननावाचे जनरेट पकडायला व्हेरिबल या टूलच्या लिंटमध्ये (कोडमधल्या चुका शोधणाऱ्या तपासणीत) 'जनरेट-लेबल' नियम आहे. व्हीएचडीएल या दुसऱ्या हार्डवेअर भाषेत लेबल सक्तीचंच, त्यामुळे तिथे ही कटकट नाही. व्हेरिलॉगमध्ये इफ आणि एल्स दोन्ही शाखांना एकच लेबल चालतं. पॅरामीटर बदलला तरी पाथ तोच राहतो.