चर्चा: त्रास नसताना सोनोग्राफी करावी का?

गोदाकाठ: काल इथे कुणीतरी ठणकावून लिहिलं, "काही होत नसताना सोनोग्राफी करू नका, नको ते सापडतं आणि झोप उडते." वाचून राहवलं नाही. माझा धाकटा भाऊ अंबडच्या कंपनीत आहे. पोटात दुखलं म्हणून सोनोग्राफी केली, तर पित्ताशयात खडा निघाला आणि डावी किडनी दिसेचना. जन्मापासूनच नाही! साधारण १००० जणांत एखाद्याला असं असतं. उरलेली किडनी मोठी होऊन काम ओढते, म्हणून इतकी वर्षं पत्ता नव्हता. आणि हा कंबर धरली की मेडिकलमधून पेनकिलर आणून खायचा. एकच किडनी असताना त्या गोळ्या तिला घातक, म्हणून ते बंद झालं. आता बीपी, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ताची तपासणी), लघवीतलं प्रोटीन दरवर्षी बघतो. कळलंच नसतं तर?

सिडकोवासी: भावाला दुखत होतं ना? मग ते लक्षणच. मुद्दा धडधाकट माणसाचा आहे. माझ्या बायकोच्या दोन्ही किडन्या खालून जोडलेल्या, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या. पॅकेजच्या तपासणीत निघालं. मग सीटी स्कॅन, मग पुण्याला दुसरं मत. शेवटी काय, तर काही करायचं नाही. ती मात्र अजून रात्री उठून बसते.

पंचवटीची आत्या: वहिनींना कुणी नीट समजावलंच नाही, राग त्याचा धरा. अशा किडनीत मुतखडा आणि इन्फेक्शन जास्त होतं, माहीत असलेलं बरं. मुलीला एकच किडनी असेल तर गर्भाशयही बघून घ्यावं. गर्भात दोन्हींची घडण बरोबरीने होते.

सिडकोवासी: आणि विम्याचं काय? एजंट म्हणतो, फॉर्मवर लिहूच नका.

नाशिकरोडकर: अजिबात ऐकू नका त्याचं! मी याच धंद्यात आहे. २०२४ पासून पॉलिसीच्या आधीच्या आजाराचा क्लेम मिळायला जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं. सलग ५ वर्षं पॉलिसी चालली की 'माहिती दिली नव्हती' या कारणाने, फसवणूक सिद्ध केल्याशिवाय, क्लेम नाकारता येत नाही. मुद्दाम लपवलंत तर तीच फसवणूक ठरू शकते.

सिडकोवासी: सांगायला सोपं आहे. आम्ही खरं लिहिलं आणि प्रपोजलच नाकारलं. खरं बोलण्याची शिक्षा आम्हालाच?

नाशिकरोडकर: दुसऱ्या कंपनीत करा. उद्या मुतखड्याचा क्लेम टाकलात आणि जुने रिपोर्ट मागितले, तर कुठे लपवाल?

गोदाकाठ: अहो, विमा पुरे! मूळ प्रश्नाचं बोला.

सिडकोवासी: पेनकिलरचं मान्य. तेवढंच. सरसकट सगळ्यांची सोनोग्राफी करायला माझा विरोध आहे आणि राहील.

गोदाकाठ: सरसकट करा असं मी कुठे म्हटलं? सापडलं तर रिपोर्ट जपा आणि कुठल्याही ऑपरेशनआधी सर्जनपुढे ठेवा. वहिनींचाही ठेवा.